साक्षीदाराचं पोर आणि शाळेचा दाखला

मंडळी, साक्षीमुळे जिवाला धोका असलेल्या माणसाला सरकार दुसरीकडे हलवतं, गरज पडली तर नवी ओळखही देतं. हे साक्षीदार संरक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे कोर्टात उभा राहणारा मोठा माणूस येतो. त्याच्याबरोबर रातोरात घर सोडून निघालेली मुलंही असतात, आणि त्यांत एखादं चौदा-पंधरा वर्षांचं असतं. आज त्याच्यापुरतंच बोलू. चार वर्षांच्या मुलाला नवं नाव लवकर अंगवळणी पडतं. आईवडिलांनी साक्षीचा निर्णय स्वतः घेतलेला असतो. अडकतो तो मधला, कारण त्याच वयात माणसाची ओळख कागदावर पक्की होत असते: आधारचे ठसे, दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पहिलं बँक खातं. एका खिडकीवर ती ओळख तयार होत असते आणि दुसऱ्या खिडकीवर आपण ती पुसायला निघालेलो असतो.

हे काम दीर्घ काळ आणि पद्धतशीर चाललेला देश म्हणजे अमेरिका. तिथल्या न्याय खात्यातले वकील जेराल्ड शूर या योजनेचे जनक. १९७० च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने तिला पाया मिळाला आणि मार्शल्स सर्व्हिस या संघीय पोलीस यंत्रणेने १९७१ पासून १९,००० हून अधिक साक्षीदार व कुटुंबीयांना संरक्षण दिलं आहे. सूचना पाळणारा एकही माणूस संरक्षण चालू असताना मारला गेला नाही, असं मार्शल्स सांगतात. अट मोठी आहे, आणि घरात सूचना मोडण्याचा मोह सर्वांत जास्त कोणाला होतो हे वेगळं सांगायला नको.

तिथली पद्धत थोडक्यात अशी. सरकारी वकिलाकडून न्याय खात्याकडे अर्ज जातो. कुटुंबातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची मानसशास्त्रीय तपासणी होते आणि प्रत्येकाशी स्वतंत्र लेखी करार होतो. साक्ष देईन, गुन्हा करणार नाही, माग लागू नये म्हणून लागेल ती खबरदारी घेईन, कर्ज-पोटगी-मुलांचा ताबा अशा सगळ्या कायदेशीर जबाबदाऱ्या आधी शपथेवर लिहून देईन, असं त्यात असतं. पंधरा वर्षांच्या मुलीची या करारावर सही लागत नाही. म्हणजे जिने काहीच कबूल केलेलं नाही, तिलाच तो करार घरात सर्वांत जास्त वर्षं पाळायचा असतो. माझ्या मते या योजनेतला सर्वांत कच्चा दुवा हाच. तिच्याशी आईवडिलांना बाहेर बसवून, स्वतंत्रपणे बोलायला हवं, आणि तेही सामान बांधायच्या आधी.

नाव कसं निवडायचं? पहिलं नाव किंवा निदान आद्याक्षरं तशीच ठेवा, असा मार्शल्सचा सल्ला असतो. त्याचं कारण अगदी शारीरिक आहे. मागून हाक आली की मान आपोआप वळते, आणि सही करताना हात पहिलं अक्षर विचार न करताच लिहून जातो. आडनाव मात्र नात्यातलं नको. आईचं माहेरचं, आजीचं, मामाचं तर नकोच, कारण शोधणारा तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. मराठी नाव तीन पदरी असतं, त्यामुळे मुलीचं नाव बदलायचं म्हणजे वडिलांचंही बदलावं लागतं. भावंडांच्या नावातला मधला शब्द एकच हवा आणि तो पहिल्या दिवसापासून सगळीकडे तोच लागायला हवा. हजेरीपटावर एक आणि रेशनकार्डावर दुसरा, असं झालं की शाळेतला कारकूनच पहिला प्रश्न विचारतो.

दुसऱ्या पालकाचा प्रश्न अमेरिकेत फार महाग पडून सुटला. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातून एका वडिलांची मुलं नाहीशी झाली. घटस्फोटित पत्नीच्या नव्या नवऱ्याने गुन्हेगारी टोळीविरुद्ध साक्ष दिली होती आणि सरकारने त्या कुटुंबाबरोबर मुलंही हलवली होती. वडील कोर्टात गेले, १९७३ साली अपिलात हरले. पुढे १९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने अशाच दुसऱ्या प्रकरणात बाहेर राहिलेल्या वडिलांचा हक्क मानला, आणि १९८४ च्या सुधारणा कायद्यात तो उतरला. आता ताबा दुसऱ्या पालकाकडे असेल तर मूल हलवताच येत नाही. ताबा साक्षीदाराकडे असेल, तर कोर्टाचा आदेश आधी तपासावा लागतो आणि मूल संरक्षणात घेतल्यावर बाहेरच्या पालकाला लेखी कळवावं लागतं. भेटी सुरक्षित जागी होतात. त्यांचा प्रवास आणि बंदोबस्त याचा खर्च सरकार वर्षाला जास्तीत जास्त १२ भेटी किंवा ३० दिवस इतका उचलतं. आपल्याकडच्या २०१८ च्या योजनेत या विषयावर असं काहीच नाही. म्हणून कौटुंबिक न्यायालयाचा आदेश असेल तर तो अर्जाला पहिल्याच दिवशी जोडा. नाहीतर नंतर अपहरणाची तक्रार दाखल होते आणि तिच्या तपासातच नवा पत्ता फुटतो.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ ला मान्यता दिली आणि संसदेचा किंवा राज्याचा कायदा होईपर्यंत तीच कायदा म्हणून पाळायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९८ प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करायला लावतं. २०१८ च्या योजनेनुसार अर्ज जिल्हा समितीकडे जातो. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि अभियोग विभागाचे जिल्हाप्रमुख सदस्य-सचिव. पोलीस उपअधीक्षक (डीवायएसपी) किंवा सहायक पोलीस आयुक्त (एसीपी) धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत देतात आणि अहवाल आल्यावर अर्ज पाच दिवसांत निकाली काढायचा असतो. जिवाला धोका असेल तर तो 'अ' वर्ग. साक्षीदाराच्या कुटुंबीयांशी शक्यतो प्रत्यक्ष बोलून गरजा समजून घ्या, असंही योजनेत म्हटलं आहे. मघाशी म्हटलेला मुलीशी स्वतंत्र संवाद मागायची जागा ही.

संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही. शाळेचं वर्ष मात्र जूनला सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतं. ऑक्टोबरात हलवलेल्या नववीच्या मुलीचा आदेश जानेवारीत संपतो, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर. मुदतवाढीचा अर्ज महिनाभर आधी द्या आणि त्यात परीक्षेच्या तारखा लिहा. साक्षीदार संरक्षण निधीतून स्थलांतर, उदरनिर्वाह आणि नवा व्यवसाय यांसाठी पैसे मिळू शकतात. शाळेची फी किंवा क्लास तिथे नावानिशी लिहिलेले नाहीत, ते उदरनिर्वाहाच्या हिशेबात आकडा घालून मागावे लागतात.

ओळख बदलण्याच्या कलमात नवं नाव, नवा व्यवसाय आणि नवे आईवडीलसुद्धा देता येतील, असं म्हटलं आहे. लगेच पुढे, या बदलामुळे साक्षीदाराचे आधीचे शैक्षणिक, व्यावसायिक आणि मालमत्तेचे हक्क जाता कामा नयेत, असंही आहे. वाचायला दोन्ही छान. एका मुलीच्या फाइलवर दोन्ही एकत्र बसवून पाहा.

सुरुवात आधारपासून. दहा बोटं आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवरून दुहेरी नोंद पकडली जाते, त्यामुळे नव्या नावाने दुसरं आधार निघत नाही. आहे त्याच क्रमांकावर नाव बदलावं लागतं. पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक नव्याने द्यावंच लागतं. तेव्हा नावाचा बदल कधी करायचा, हे ठरवूनच केंद्रावर जा. जुन्या पत्त्याच्या गावातल्या केंद्रावर तर अजिबात नको, आणि आधारला जोडलेला जुना मोबाइल क्रमांक आधी काढा, कारण ओटीपी तिकडेच जातो.

मग राजपत्र. एरवी नाव बदलायचं तर आपण महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात देतो. त्यात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं आणि ते कोणालाही पाहता येतं. संरक्षणातल्या मुलासाठी ही वाट म्हणजे पत्रकच वाटण्यासारखी. तरी 'राजपत्र आणा' हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकू येतं. म्हणून नावबदलाचा आधार समितीचा आदेशच राहील, राजपत्र मागू नये आणि नोंद बंद लिफाफ्यात राहावी, हे आदेशात शब्दाशब्दाने लिहून घ्यावं.

सर्वांत अवघड कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. एका पानावर नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक. ज्याला मुलगी शोधायची आहे, त्याला याहून जास्त काही लागत नाही. नव्या शाळेने ऑनलाइन मागणी केली की जुन्या शाळेच्या लॉगिनवर नव्या शाळेचं नाव दिसतं, आणि गावातल्या शाळेतली बातमी संध्याकाळपर्यंत पारावर असते. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा मदतीला येतो, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववी-दहावीला ते कवच नाही. त्यामुळे दाखला शाळा-शाळांत फिरवण्याऐवजी समितीमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातून जावा आणि जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुलगी शाळेत शिकत असतानाच व्हावी. शाळा सोडल्यावर किंवा दहावीचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती कितीतरी पटींनी कठीण होते. शाळेत पाठवणंच धोक्याचं असेल तर खासगीरीत्या बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म उरतो, पण त्यालाही मूळ दाखला लागतोच.

जात पडताळणीला तर नवे आईवडील चालतच नाहीत. इतर मागासवर्गीय मुलीला बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर वंशावळ, वडिलांचा दाखला आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. आजोबाच बदलले तर पुरावा कोणाचा दाखवणार? जमिनीचंही तेच. आजोबा वारले की सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची ती जुन्या नावाची. म्हणूनच 'नवे आईवडील' हा पर्याय किशोरवयीन मुलासाठी जवळजवळ कधीच घेऊ नये, असं मी म्हणेन. नाव-आडनाव बदललं आणि जुन्या-नव्या नावांची सांगड फक्त समितीच्या सीलबंद नोंदीत राहिली, तर निदान पुढे न्यायाधीशांच्या सहीने ती दाखवता येते.

बऱ्याच प्रकरणांत इतकं करायची गरजही नसते. मूल स्वतः साक्षीदार असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याचं नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्टाच्या कागदात टोपणनाव किंवा अक्षर वापरता येतं, आणि आरोपी समोर न येता साक्ष देता येते. नाव न बदलता फक्त जिल्हा बदलूनही पुष्कळांचं भागतं.

ओळख फुटते ती बहुधा फोनमुळे. सिमकार्ड बदलून भागत नाही, हँडसेटही नवा हवा. जुन्या गूगल खात्याने एकदा लॉगिन केलं की संपर्क, फोटो, गेममधली मित्रयादी सगळं परत येतं. नवा नंबर मैत्रिणीच्या फोनमध्ये साठवला गेला की समाजमाध्यम 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून पुढे आणतं. 'फोन वापरू नको' एवढंच सांगितलं तर मुलं शेजारच्याचा वापरतात. त्यापेक्षा जिवलग मैत्रिणीला निरोप कसा जाईल याची एक सुरक्षित वाट देणं शहाणपणाचं. अमेरिकेत नातेवाइकांची पत्रं मार्शल्सच्या हातून जातात, ते याचसाठी. खेळात चमकणाऱ्या मुलाचं दुखणं वेगळं. जिल्हा संघात निवड झाली की स्थानिक पेपरात गटाचा फोटो येतो. त्याला खेळू द्या, पण निवडीच्या वर जायचं की नाही हे आधीच त्याच्याबरोबर ठरवा.

नवा भूतकाळ रचताना तो छोटा आणि कंटाळवाणा ठेवा. वडिलांची बदली, आजीचं आजारपण, बस्स. ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचता कामा नये. गाव असं निवडा की जिथली बोली मुलाच्या तोंडात आहे. कोल्हापूरच्या पोराला 'नागपूरहून आलो' म्हणायला लावलं तर पहिल्या मधल्या सुट्टीत पकडलं जाईल. सांगलीचा म्हणा, खपून जाईल. बसस्टँड, शाळेजवळचं दुकान, गावातली नदी, एवढं खरंखरं माहीत असलेलं गाव हवं. घरातल्या सगळ्यांनी तीच गोष्ट वेगवेगळ्या खोलीत बसून सांगून पाहावी. गडबड बहुतेक वेळा धाकट्या भावंडाकडून होते, म्हणून त्याला जितकं कमी सांगावं लागेल तितकी गोष्ट बरी.

अठरा पूर्ण झाल्यावर काय, हे आदेशात सहसा लिहिलेलं नसतं. पासपोर्टच्या अर्जात दोन प्रश्न असतात: तुम्हाला दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखलं जात होतं का, आणि तुम्ही कधी नाव बदललं आहे का. 'नाही' लिहिलं तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा, 'होय' लिहिलं तर जुनं नाव पोलीस पडताळणीच्या कागदावर. मुलगी सोळा वर्षांची असतानाच समितीकडे अर्ज करून, असा प्रश्न आला की माहिती कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या लिफाफ्यात जाईल, हे लेखी ठरवून घ्यावं. अठराव्या वाढदिवसानंतर तो अर्ज तिला स्वतःच्या सहीने करावा लागेल, आणि ती सही कोणत्या नावाची हाच तर प्रश्न असेल.