हॉस्पिस बघायला गेलात तर रात्री अडीचचं विचारा

(ज्येष्ठ नागरिक संघात एका निवृत्त नर्सबाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. आत येताना दारातच एका काकांनी मला गाठलं, खिशातून छोटी डायरी काढली आणि म्हणाले सिस्टर, भाषण राहू दे, चांगल्या हॉस्पिसचं नाव नि नंबर सांगा, लिहून घेतो. मी म्हटलं काका, नाव सांगून भागत असतं तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं, एवढ्या उन्हात रिक्षा करून कशाला आले असते!

मी बत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं होमकेअरला. म्हणजे बॅग घेऊन अशा घरांत जायचं जिथे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. घरी नेल्यावर केवढं करावं लागतं ते विचारा कुठल्याही सुनेला.

हॉस्पिस म्हणजे काय हे पटकन सांगते. आजार बरा होणार नाही अशा माणसाचं दुखणं नि त्रास शेवटपर्यंत हलका ठेवायची सेवा, त्यांच्या जागेत नाहीतर घरी येऊन. हे सांगावं लागतं, कारण हल्ली वृद्धाश्रमावर पण ही पाटी लागते आणि बारा तासाची बाई पाठवणारा ब्युरो पण स्वतःला पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, म्हणवून घेतो. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई, आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या आणि 1967 साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं, तिथून ही आजची पद्धत आली. आपल्याकडे बांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 चं, देशातलं पहिलं, आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं सेंटर 1997 पासून. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत, हे अजून कितीतरी लोकांना माहीतच नाही. पण दोन्ही कॅन्सरसाठी उभी राहिली. तुमच्या घरात डिमेन्शिया असेल, हार्ट फेल असेल, फुप्फुसं गेलेली असतील तर पहिला फोन करून हेच विचारायचं की आमचा आजार तुम्ही घेता का. नाहीतर फाईल घेऊन दीड तास जायचं, तिथे कळायचं की नाही घेत, परत यायचं, पेशंट गाडीत.

आता माझी फजिती सांगते. माझ्या मोठ्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू, दुसरं काय. गालाला बाहेरून जखम झालेली. मी नोकरी करत होते, वहिनी एकटी, मुलगा बाहेरगावी, म्हणून आम्ही एक जागा शोधली. नाव नाही सांगणार. शहराबाहेर, खिडकीतून टेकडी दिसते, बेडला बटण, रिसेप्शनला हा एवढा फिश टँक. आणि मी, एवढी वर्षं या कामातली बाई, त्या फिश टँकला भुलले. किती बेड, किती पैसे, जेवणात काय, व्हिजिटिंग अवर्स, सगळं विचारलं. विचारायचं ते राहिलं.

दुसऱ्याच रात्री अडीचला दादाची कळ वाढली. मी तिथेच खुर्चीत होते. ड्युटीवर एक मुलगी, गुणी हो, तिची काही चूक नाही, तिने पॅरासिटामॉल लावलं. मॉर्फिन, म्हणजे अशा कळेवरचं जोराचं औषध, कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली डॉक्टरांकडे, डॉक्टर लग्नाला नाशिकला, फोन लागत नाही. सकाळी सव्वासातला किल्ली आली. तोपर्यंत माझा भाऊ पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता, ओरडता पण येत नव्हतं त्याला, तोंडच उघडत नव्हतं. पावणेपाच तास.

कुलूप असणं चूक नाही हां, नियमच तसा आहे, मॉर्फिन कुलपातच ठेवायचं, रजिस्टरमध्ये एकेक गोळीचा हिशोब ठेवायचा. पण रात्री किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न. तेव्हापासून मला कोणी विचारलं की हॉस्पिस कसं ओळखायचं, तर मी सांगते बाकी सगळं नंतर, आधी रात्री अडीचचं विचारा. रात्री अडीचला कळ उठली तर कोण येणार, त्याला औषध द्यायचा अधिकार आहे का, औषध त्याच इमारतीत आहे का. घरी येणारी टीम असेल तर रात्री फोन कोण उचलतं, नर्स की नुसता निरोप घेणारा माणूस. आणि लाजू नका, एकदा खरंच रात्री फोन करून बघा. वाईट वाटत असेल तर म्हणा चुकून लागला.

मॉर्फिनवर जरा थांबते, कारण सगळं घोडं इथे अडतं. 1985 ला अमली पदार्थांचा कायदा आला, एनडीपीएस, आणि त्यात दर राज्याचे वेगळे परवाने, दुसरा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली, चूक झाली तर थेट जेल. हॉस्पिटलांनी म्हटलं नको ती कटकट, ठेवायचंच नाही. गंमत बघा, मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू आपल्या देशात सरकारी परवान्याने पिकते, शेजारी मध्य प्रदेशात नीमचला सरकारचा कारखाना आहे, आपण ती बाहेर विकतो, आणि आपला पेशंट क्रोसिनवर. 2014 ला कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं वेगळी काढली, आता संस्थेला एकच मान्यता लागते. तेव्हा सरळ विचारायचं, तुमच्याकडे ती मान्यता आहे का, आणि तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी सलग मिळते का, की मधून मधून स्टॉक संपतो. जो माणूस यावर गोल गोल बोलायला लागेल, आमच्याकडे पेशंटला तेवढी गरजच पडत नाही वगैरे, तिथून चप्पल घालून निघायचं.

आणि द्यायची कशी हे पण बघा. ही गोळी घड्याळाने द्यायची असते, दुखायची वाट बघून नाही. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला बहुतेक वेळा डबल, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मधेच कळ आली तर जादाचा डोस आधीच लिहून ठेवलेला हवा. आणि सोबत पोट साफ व्हायची गोळी लिहिलेली हवी, कारण मॉर्फिनने संडासला हमखास घट्ट होतं. प्रिस्क्रिप्शनवर मॉर्फिन आहे नि पोट साफ व्हायचं औषध नाही, तर लिहिणाऱ्याला हे काम येत नाही असं खुशाल समजा. सवय लागेल का, व्यसन लागेल का, हे मला रोज विचारतात. डॉक्टरच्या हाताखाली, दुखण्यापुरतं दिलं तर त्याची भीती फार कमी, आणि अहो, ज्याचे दोन महिने राहिलेत त्याच्या व्यसनाची काळजी आपण का करतो? असो.

जागा बघायला जाल तेव्हा मॅनेजरबरोबर टूर घेऊ नका, किंवा घ्या पण डोळे दुसरीकडे ठेवा. पेशंटची तोंडं बघा. तोंड म्हणजे खरंच तोंड, ओठ, जीभ. ज्याला गिळता येत नाही त्याचं तोंड चार तासात वाळतं, जिभेवर पांढरी साय धरते, ओठाला चिरा पडतात. चांगल्या ठिकाणी मुलगी बोटाला गॉज गुंडाळते, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवते, गालाच्या आतून, हिरडीवरून, जिभेखालून हळूच फिरवते, मग ओठाला व्हॅसलिन, मग चमच्याने दोन थेंब नारळपाणी. पाच मिनिटांचं काम, दिवसातून कितीदा तरी. याचं बिल लावता येत नाही, फोटो काढून वेबसाईटवर टाकता येत नाही, म्हणून जिथे माणसं कमी असतात तिथे पहिलं हेच सुटतं. ओठ ओले दिसले की मी अर्धे मार्क देऊन टाकते.

दुसरं नाक. फिनाईलचा भपकारा आला तर विचार करा काय झाकतायत. जखमेला वास येतो, कॅन्सरच्या जखमेला फारच, पण त्यावर साधा उपाय आहे, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून पूड करून ड्रेसिंगला वापरतात, पेट्रोलपेक्षा स्वस्त. दादाच्या खोलीत वहिनी उदबत्त्या लावायची, घरी आलेल्या टीमने तीन दिवसांत वास घालवला, तेव्हा नातवंडं परत खोलीत यायला लागली. तिसरं, कूस बदलायचा कागद पलंगाशी लावलेला आहे का, दोन दोन तासांनी कोणी वळवलं, सही. सगळ्या सह्या एकाच पेनाने एकदम केलेल्या दिसल्या तर तुम्ही काय ते समजा!

बोलणं कसं आहे ते पण ऐका. आपल्याकडे प्रत्येक घरात एक जण दारातच डॉक्टरला बाजूला घेतो, बाबांना सांगू नका हं कॅन्सर आहे म्हणून. आणि बाबा आतून मला विचारतात, सिस्टर, यांना कळलंय का हो, सांगू नका, घाबरतील. अकरा वर्षांत हे नाटक मी इतक्यांदा पाहिलं. कच्चा माणूस एकतर धाडकन सांगून टाकतो नाहीतर खोटं बोलतो. मुरलेला माणूस पेशंटशेजारी स्टूल ओढून बसतो नि विचारतो, तुम्हाला काय वाटतंय, काय चाललंय? मग गप्प बसतो. तेव्हा तो स्टूल ओढतो की उभ्यानेच बोलतो ते बघा.

मग सलाईन. जेवण सुटलं की घरातले म्हणतात माणूस उपाशी मरतोय, बाटली तरी लावा. पैसे कमवायचे असतील तर यापेक्षा सोपं काही नाही, लावायची बाटली. पण शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलत नाही, अंगावर सूज, छातीत घरघर वाढते. जे लोक बसून हे समजावतात, ऊर्ध्व लागल्यावर काय काय दिसेल, श्वास कसा थांबून थांबून येईल, पाय गार पडतील, घरघर तुम्हाला ऐकवत नाही पण त्यांना बहुतेक कळत नसते, हे आधी सांगतात, ते खरे. धाप लागली तर ऑक्सिजनच्या आधी चेहऱ्यावर छोटा पंखा धरून बघणारी नर्स भेटली तर तिला सोडू नका. आणि तुळशीपत्र, गंगाजल, आझान, पाद्री, जे ज्याचं असेल ते चालतं का तेही विचारून ठेवा, काही ठिकाणी ऐनवेळी रूल दाखवतात.

घरी न्यायचं ठरलं तर एक रोकडा प्रश्न. माणूस रात्री घरी गेला तर मृत्यूचं सर्टिफिकेट कोण देणार? घरच्या मृत्यूला डॉक्टरने कारणाचा फॉर्म भरून द्यावा लागतो, चार-ए नंबरचा. तो नसला की पहाटे तीनला मुलगा स्कूटरवर कॉलनीतले दवाखाने ठोठावत फिरतो, आणि ज्याने पेशंट कधी पाहिलाच नाही तो डॉक्टर का सही करेल? काही टीम हे आधी लिहून देतात, काही म्हणतात बघू. बघू म्हणणाऱ्यांवर काट मारा.

लिव्हिंग विलचं दोन वाक्यात, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्य केलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, 2023 ला सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे. हॉस्पिसवाले स्वतःहून विचारतात का, तुमच्या वडिलांनी असं काही लिहिलंय का? विचारलं तर बरं वाटतं.

हं, त्या ताईंचा प्रश्न आला, मुलगी न्यू जर्सीला आहे, सासऱ्यांना तिथे हॉस्पिस सुचवलंय, कसं बघायचं. तिथे बरंच सोपं आहे नि तेवढंच फसवं पण. दोन डॉक्टरांनी लिहायचं की आजार आपल्या वाटेने गेला तर सहा महिने किंवा कमी, मग मेडिकेअर, म्हणजे तिथली म्हाताऱ्या माणसांसाठीची सरकारी विमा योजना, पैसे देतं, हे 1982 च्या कायद्यापासून. मेडिकेअरच्या साईटवर हॉस्पिसची तुलना करता येते, गेलेल्या पेशंटच्या घरच्यांनी काय सांगितलं ते असतं, आणि शेवटच्या दिवसांत नर्स प्रत्यक्ष घरी आली का हे पण असतं. मुलीला सांगा स्टार नंतर बघ, आधी ते शेवटच्या दिवसांचं बघ. आणि वीकेंडला कोण येतं ते विचार. तिथे बहुतेक सेवा घरीच असते, म्हणजे रात्री अडीचला तिथेही घरचीच माणसं जागी, फोनच्या पलीकडे कोण आहे एवढाच प्रश्न.

वेळ झाली का? पाच मिनिटं? मग दादाचं संपवते.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं आणि घरी येणारी टीम घेतली. त्यांच्याकडे फिश टँक नव्हता, एक पोरगी होती बॅग घेऊन बसने येणारी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. दादा दोन महिन्यांनी गेला, पहाटे, झोपेत. तेराव्यानंतर ती परत आली, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घ्यायला. चौतीस होत्या. टेबलावर मोजल्या, वहीत लिहिलं, वहिनीची सही घेतली. मला वाटलं आता जाईल. ती बसून राहिली, काही बोलेना. मग वहिनी म्हणाली, अगं, शेवटच्या रात्री दहाला मी डबल गोळी दिली ना, त्यानेच गेले का गं ते?

पंधरा दिवस ही बाई ते मनात घेऊन स्वयंपाक करत होती, पाहुण्यांना पानं वाढत होती, आणि मी घरातली नर्स, शेजारी झोपत होते, मला एकदाही विचारलं नाही. त्या पोरीने फाईल उघडली. दोन महिन्यांचा डोसचा कागद काढला, रोज रात्री दहासमोर तीच डबल गोळी, तोच आकडा, एकेका तारखेवर बोट ठेवत ती शेवटच्या तारखेपर्यंत आली. मग कागद वहिनीच्या हातात दिला. वहिनीने चष्मा शोधला, लावला, आणि पहिल्या तारखेपासून पुन्हा सगळा वाचला.