हायकोर्टात जाईन म्हणजे नक्की कुठे?

नमस्कार मंडळी. दावा हरलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरताच म्हणतो, "सोडणार नाही, हायकोर्टात जाईन!" आता असं बघा, तालुक्याच्या दिवाणी दाव्याचं पहिलं अपील बहुतेक वेळा जिल्हा कोर्टात, तिथंही हरलात तर दुसरं अपील मुंबई हायकोर्टात, आणि तिथं साक्षीपुरावे परत उगाळत नाहीत, कायद्याचा मोठा मुद्दा असेल तरच दार उघडतं. बाकी बांधावरनं भांडणाऱ्या भावांनी आधी मोजणी करून घ्यावी हो, वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडते, असो.

तर हायकोर्ट एकच, १८६२ पासूनचं. बसतं मात्र मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच, म्हणजे न्यायमूर्ती येऊन बसतात असं न्यायपीठ, म्हणून कोल्हापुरातही, तिथं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचीही कामं चालतात. परत सांगतो, कोर्ट एक, बसायच्या जागा पाच.

आता मला आवडणारा किस्सा. १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. पुढं १९०८, परत टिळक, परत राजद्रोह, जामीन मागायला बॅरिस्टर जिना, आणि खुर्चीवर कोण? तेच दावर! आणि जामीन नाकारला! मग टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, दिवसामागून दिवस, वीसेक तास बोलले. ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, सात युरोपियन, दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. २२ जुलैची रात्र, दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस. काही म्हणायचंय का विचारलं तर म्हणाले, ज्युरी काही म्हणो, मी निर्दोष आहे, आणि या कोर्टाच्या वरही सत्ता आहेत. सहा वर्षं शिक्षा झाली, तर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस! आता अपील कुठं करणार, खटलाच हायकोर्टात चाललेला, ओरिजिनल साइडला, म्हणजे अपील नव्हे तर मूळ खटलाच तिथं. वर थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट, तिनंही परवानगी दिली नाही. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याच कोर्टरूमबाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी लावली, मुंबईच्या फोर्ट भागात गेलात तर सेल्फीआधी ती वाचा.

अरे, वेळ संपत आला की! तर भराभर. दिवाणी दुसरं अपील एकच न्यायमूर्ती ऐकतात, खुनातल्या जन्मठेपेचं दोघं, आणि दोन बेंचांची मतं जुळेनात तर तीन किंवा जास्त जणांचं फुल बेंच. कुणी काय ऐकायचं तो रोस्टर मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, मुख्य न्यायमूर्तीच, दुसरं कुणी नाही. मंजूर पदं ९४, भरलेली कायम कमी. म्हणून "तारीख कधी?" विचारून वकिलाचं डोकं खाण्याआधी आपला विषय सध्या कुणाच्या बोर्डावर, म्हणजे कुठल्या न्यायमूर्तींच्या कामांच्या यादीत, आहे ते विचारा, रोस्टर बदलला की बोर्डही बदलतो.