मिटलेल्या प्रवाळाकडे बघताना

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अनोळखी सॉफ्ट कोरल कसं ओळखावं'; सॉफ्ट कोरल म्हणजे मऊ अंगाचं प्रवाळ. ते सांगणारच आहे. पण आधी एका कोरलबद्दल बोलू द्या, कारण ते माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आलं नसतं तर मी या विषयात पडलोच नसतो.

लाइव्ह रॉकच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री खडकाच्या, कपारीत करंगळीच्या नखाएवढा तपकिरी ठिपका होता. वर्षभरात तो तळहाताएवढा झाला. खाली जाड बुंधा, वर बोटांसारखे उंचवटे. फोटो काढून चार जाणकारांना दाखवला. एक म्हणाले टोडस्टूल, दुसरे फिंगर लेदर, तिसरे सायन्युलेरिया, चौथे लोबोफायटम; ही सगळी लेदर कोरलची, म्हणजे चामड्यासारख्या अंगाच्या सॉफ्ट कोरलची, नावं. त्यात फिंगर लेदर हे नाव लोक सायन्युलेरियालाही लावतात आणि लोबोफायटमलाही, म्हणजे ते ऐकून हाती काहीच लागत नाही. चौघांनीही ठामपणे सांगितलं होतं. माझी तक्रार इथेच आहे. फोटो निळ्या दिव्याखालचा, तपकिरी रंग कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचा. दिवा बदला, रंग बदलतो. पाण्याचा प्रवाह बदला, अंगाची ठेवणही बदलते. यावरून नाव सांगणं म्हणजे माणसाचा सदरा बघून आडनाव सांगणं!

मग एके दिवशी ते मिटलं. एकूण एक पॉलिप, म्हणजे कोरलच्या अंगावरचे फुलासारखे इवले जीव, आत, अंगावर मेण फासल्यासारखी चकाकी. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. सगळे म्हणाले, "गेलं ते, काढून टाका, पाणी नासेल." मी टँकचंच पाणी बादलीत घेऊन बसलो होतो, पण हात टाकवेना. वास घेतला, तर कुजका नव्हता. पाचव्या दिवशी वरचा पापुद्रा सुटला आणि प्रवाहात लोंबायला लागला. लेदर कोरल सापासारखी कात टाकतात, त्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळही जातं. ज्यांचं कोरल आत्ता मिटलेलं असेल, त्यांनी घाई करू नका, एवढं कळकळीनं सांगतो. फक्त प्रवाह थोडा वाढवा.

त्या संध्याकाळी पॉलिप अजून आतच होते. काचेला टॉर्च टेकवला, दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि पहिल्यांदाच त्या कातडीकडे नीट बघितलं. पॉलिप आत गेलेली नुसती भोकं. सगळी एका मापाची, मधल्या जागा कोऱ्या. चौघांपैकी दोघांची उत्तरं तिथेच बाद झाली. का, ते सांगतो.

मागून कुणीतरी विचारताय, झेनिया, म्हणजे पॉलिपची सतत उघडझाप करणारं सॉफ्ट कोरल, तर हलण्यावरूनच ओळखू येतं ना? टँकमध्ये कित्येकदा झेनियाची उघडझाप बंद पडते, तेव्हा काय करणार? बाकी ती उघडझाप का होते, हा फार सुंदर विषय आहे. तिच्या हेटेरोझेनिया या नातलगावर 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॉलिपभोवती साचलेला ऑक्सिजन उघडझापीमुळे झटकला जातो आणि आतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं त्यात दिसलं. यावर तासभर बोलेन, पण अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सातच मिनिटं? मग मुद्द्यावर येतो.

आधी पॉलिपच्या तोंडाभोवतीची शुंडकं मोजा. आठ आणि पिसासारखी झालरदार असतील तरच ते खरं सॉफ्ट कोरल. झोअँथिड आणि मशरूम हे टँकमधले जीवही त्याच नावाखाली विकले जातात, पण ते वेगळ्या शाखेतले.

मग भोकं. सार्कोफायटम म्हणजे आपलं टोडस्टूल, आणि लोबोफायटम, या दोघांत पॉलिप दोन प्रकारचे: शुंडकांचे मोठे आणि त्यांच्यामध्ये पाणी खेळवणारे बारीक. कोरल मिटलेलं असताना मोठ्या भोकांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर या दोघांपैकी एक समजा. गुळगुळीत देठावर छत्री असेल तर सार्कोफायटम, बसक्या बुंध्यावर उंचवटे असतील तर लोबोफायटम. सायन्युलेरियात एकच प्रकार.

शेवटी स्क्लेराइट, म्हणजे मांसातले चुन्याचे बारीक काटे. हातमोजे आणि चष्मा घाला. वरच्या कातडीचा एक आणि बुंध्याच्या गाभ्यातला एक, असे तांदळाएवढे दोन तुकडे काढा, वेगळे ठेवा, प्रत्येकावर साध्या ब्लीचचे थेंब टाका. मांस विरघळतं, काटे तळाशी बसतात. हळूच धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. व्हिनेगर चुकूनही नको: ब्लीचमध्ये पडलं तर विषारी वायू सुटतो, शिवाय आम्लात काटेच विरघळतात. माझ्या कोरलच्या गाभ्यातून दोन-दोन मिलिमीटरच्या चात्या, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते काटे, निघाल्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशा. एका मापाची भोकं आणि गाभ्यात अशा मोठ्या चात्या, म्हणजे सायन्युलेरियाच.

जात मात्र मी सांगत नाही. सायन्युलेरिया या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, शंभराहून अधिक जाती आहेत. आणि वर्गीकरण अजून हलतंय: 2022 मध्ये आल्सिओनेसिया हा जुना गण मोडून मालाकाल्सिओनेसिया आणि स्क्लेराल्सिओनेसिया असे दोन गण मांडले गेले. टँकवर मी लिहिलंय, 'सायन्युलेरिया, जात अनिश्चित'.

त्या चात्यांची स्लाइड बाहेरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवलीय. डावीकडचा स्क्रू अगदी हलक्या हातानं फिरवा.