दक्षिण महासागरातला केवडा

नमस्कार, श्रोतेहो.

ऐकणाऱ्यांत कुणी शेतकरी असेल, तर 'केवडा' म्हटल्यावर त्याला फुलाआधी पिवळं पडलेलं पीक आठवेल. चुनखडीच्या रानातला भुईमूग नाहीतर ऊस, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. जमिनीत लोह नसतं असं नाही, चांगलं भरपूर असतं. पण मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता मोजणारा पीएच, चढला की ते मुळांच्या हाती लागत नाही. मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट फवारा, नाहीतर चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं लोह द्या.

मी आज बोलणार आहे तो केवडा अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातला. तिथलं पीक म्हणजे वनस्पती-प्लवक, पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय वनस्पती. नायट्रेट, फॉस्फेट ही खतं तिथं मुबलक, तरी पाणी म्हणावं तसं हिरवं होत नाही. अडतं ते लोहापाशी. ऑलिम्पिकचा २५ लाख लिटरचा तरणतलाव तिथल्या वरच्या थरातल्या पाण्यानं भरलात, तर त्यात विरघळलेलं सगळं लोह मिळून स्टेपलरच्या एका पिनेएवढं भरेल!

तिथं फवारणी करून पाहायला आपली माणसं गेली होती, बरं का. २००९ साली गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'पोलारस्टर्न' जहाजावरून हा प्रयोग केला. नाव 'लोहाफेक्स', त्यातला 'लोहा' आपल्याकडचाच. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात हिराकस सोडलं. प्लवक वाढलं, पण कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी ते चरून टाकलं. काचेसारखं कवच असलेलं डायाटम नावाचं प्लवक असतं, ते तर फारसं वाढलंच नाही, कारण कवचाला लागणारी सिलिका त्या पाण्यात आधीच संपली होती. एक उणीव भरली की दुसरी पुढं येते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता सामूकडं येऊ. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. औद्योगिक क्रांतीपूर्वी वरच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ आहे. फरक दिसायला एवढासा, पण ही मोजपट्टी भूकंपाच्या मापासारखी दर अंकाला दहापटीनं बदलते, त्यामुळे आम्लता पाव पटीहून जास्त वाढली आहे. समुद्र आंबट झालेला नाही, होणारही नाही. फक्त त्याचा अल्कधर्मीपणा उतरतो आहे.

मग तुम्ही म्हणाल, हे तर बरंच झालं. कपड्यावरचा गंजाचा डाग लिंबानं निघतो, म्हणजे आम्लात लोह विरघळतं. रानातही सामू उतरला की केवडा हटतो. मलाही आधी असंच वाटलं होतं. समुद्रात मात्र गणित उलटतं. तिथलं जवळपास सगळं विरघळलेलं लोह सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, आपल्या चिलेटेड खतासारखं. पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्या पकडीतून थोडं थोडं लोह ओढून घेतात आणि प्लवकाला ते उचलता येतं. सामू उतरला की हायड्रॉक्साइड कमी होतात, आणि यातल्या बऱ्याच रेणूंची पकड घट्ट होते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवलं. पाणी आम्लाकडं झुकलं तसा डायाटमचा लोह उचलण्याचा वेग मंदावला. कार्बन डायऑक्साइड जास्त मिळाला म्हणून लोहाची गरज कमी झाली, असंही घडलं नाही.

२०१८ मध्ये दुसरा धागा सापडला. डायाटमच्या अंगावर लोह पकडणारं एक प्रथिन असतं. ते लोह धरतं तेव्हा त्याला सोबत कार्बोनेट आयन लागतो. कुलपाला दोन किल्ल्या, एकीनं उघडत नाही. आणि आम्लीकरणात नेमका कार्बोनेटच घटतो, कारण वाढलेले हायड्रोजन आयन त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात.

गंमत म्हणजे ही दोन किल्ल्यांची युक्ती तुमच्या-माझ्या रक्तातही आहे. लोह वाहून नेणारं आपलं ट्रान्सफेरिनसुद्धा कार्बोनेटच्या जोडीनंच लोह धरतं. फरक एवढाच की आपल्या रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राखत असतात. डायाटमचं ते प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतं, थेट समुद्राच्या पाण्यात.