स्वभावाला औषध

जून उजाडला. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांखाली झाकल्यात. आणि पडवीत हा माणूस जाळं शिवत बसलाय.

कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा नाही, ही त्याची अट. तरी तीनदा विचारून झालं, "तुमी ह्यां कोणाक दाखवतलास?"

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. जगात साधारण ३०० माणसांत एकाला असतो. मराठीत 'छिन्नमनस्कता' म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं एका अंगात दोन माणसं. तसं काही नसतं. विचार, भावना, भान यांचा मेळ सुटतो.

बाविसाव्या वर्षी याला लाटांच्या आवाजात शिव्या ऐकू यायला लागल्या. आधी देवळात गाऱ्हाणं, मग घाडी म्हणजे गावचा मांत्रिक, मग एसटीने जिल्ह्याचं रुग्णालय. यात दीड वर्ष गेलं, आणि हे दीड वर्ष फार महाग पडतं. औषधाने आवाज थांबले. आता महिन्याला एक इंजेक्शन.

पण ताट समोर आलं की आधी भात हुंगतो. हिशोबाची वही उशाखाली. सख्ख्या भावाशी बोलणं नाही. घरच्यांना वाटलं, औषध लागूच पडलं नाही. दोनदा बंद केलं, दोन्ही वेळा शिव्या परत आल्या.

मग डॉक्टरांनी मागचं विचारलं. आजाराआधी हा कसा होता?

आई म्हणाली, "पयल्यापासनाच तसो. शाळेत आपल्या पाटयेक कोणाक हात लावक देवक नाय कधी."

लहानपणापासून मुरलेला, टोकाला गेलेला संशय व्यक्तिमत्त्व विकारही असू शकतो. मात्र आजाराची चाहूलही कधीकधी अशीच दिसते, त्यामुळे भ्रम-भास निवळल्याशिवाय डॉक्टर तसा शिक्का मारत नाहीत. दोन्ही एकत्र असले की गाडी इथेच अडते: ज्याचा कोणावरच भरवसा नाही, तो गोळीवर कसा ठेवणार? डोस चुकतात, आजार उलटतो, आणि घरचे म्हणतात, स्वभावाला औषध नाही.

खरंच नाही. आवाजांना आहे, ते चालू ठेवायचं. संशयाशी वागायची रीत मात्र बदलता येते.

इंजेक्शन देणारी सिस्टर दर वेळी तीच. आधी कुपी याच्या हातात देते. हा ती उजेडात धरतो, नाव वाचतो, तारीख वाचतो. मागे रांग खोळंबते, कोणीतरी चुकचुकतं. सिस्टर घाई करत नाही.

कुपी परत देतो. बाही वर करतो.