थर्ड पार्टी म्हणजे आपले मामा

[दृश्य: जिन्याखाली भिंतीला टेकवलेली जुनी काळी सायकल]

ही सायकल जरा जवळून बघा. पुढचं चाक पार वाकलंय, हँडल एका बाजूला गेलंय आणि कॅरिअरला अजून सुतळी तशीच बांधलेली आहे, त्या सुतळीखाली पेपरचा एक तुकडा अडकलाय, पावसात भिजून वाळून कडक झालेला. ही माझ्या मामांची सायकल. ऑगस्ट २०२५ पासून ती इथेच आहे, कुणी दुरुस्तीला नेली नाही, कारण वकीलबाई म्हणाल्या की निकाल लागेपर्यंत हिला हात लावू नका.

मामा कोथरूडमध्ये पेपर टाकायचे. बावीस वर्षं. पहाटे चारला उठायचं, चौकातल्या फुटपाथवर पेपरची वाटणी व्हायची तिथे जायचं, पुरवण्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे आणि साडेपाचला पहिल्या सोसायटीत. जुन्या सोसायट्या, लिफ्ट नाही, चार-चार मजले. ज्यांना आजोबा म्हणून ओळखायचे त्यांच्या दाराच्या कडीत पेपर खोचायचा, खाली टाकायचा नाही, कारण त्यांना वाकता येत नाही. अशी सगळी घरं मामांना पाठ होती.

त्या दिवशी कर्वे पुतळ्याच्या अलीकडे मागून एक टेंपो आला आणि मामांना ओलांडून लगेच डावीकडच्या गल्लीत वळला. एवढंच झालं. टेंपोची मागची बाजू सायकलला लागली, मामा पडले आणि उजवा पाय खाली सापडला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्यालाही मार बसला.

[दृश्य: सकाळचा कर्वे रस्ता, दुकानं उघडतायत]

आता इथून पुढची दहा मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. टेंपोवाला पळाला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. तो खाली उतरला, मामांना फुटपाथवर बसवलं आणि खिशातून पाच हजार काढून म्हणाला, काका, मिटवून टाकू, पोलिसांत कशाला जायचं, तुमचा पण वेळ जाईल माझा पण. आणि जमलेल्या लोकांतले दोघं-तिघं पण तेच म्हणाले, घ्या काका, सायकलवाल्याला कुठला इन्शुरन्स, कोर्टात जाऊन काय मिळणारे.

हे जे शेवटचं वाक्य आहे ना, सायकलवाल्याला कुठला इन्शुरन्स, हे पुण्यात मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्यासाठीच हा व्हिडिओ करावासा वाटला. कारण ते साफ चुकीचं आहे. सायकलला इन्शुरन्स लागतच नाही. लायसन्स पण लागत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला, टेंपो असो, रिक्षा असो, कार असो, मोटार वाहन कायदा १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पहिली पार्टी गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी पार्टी म्हणजे त्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो. म्हणजे मामा. तो विमा मामांसाठीच काढलेला होता, हप्ता टेंपोवाल्याने भरला होता आणि मामांना ते माहितीच नव्हतं. आम्हालाही नव्हतं, खरं सांगायचं तर.

मामांनी पैसे घेतले नाहीत. तत्त्व वगैरे नाही, पाय इतका दुखत होता की त्यांना काही सुचतच नव्हतं. आणि तिथे फुलं विकायला बसतात त्या मावशींनी एक काम केलं. खाली पडलेला एक पेपर उचलला, त्याच्या कोऱ्या कडेवर टेंपोचा नंबर लिहिला, तारीख आणि वेळ पण लिहिली, सहा वाजून वीस मिनिटं, आणि तेवढी कड फाडून कमरेच्या पिशवीत ठेवली. तो कागदाचा तुकडा आज केसच्या फायलीत आहे.

[दृश्य: प्लास्टिकच्या पाकिटात पेपरची फाटलेली कड, निळ्या पेनाने लिहिलेला नंबर]

मावशींना भीती होती की आपल्याला पोलीस स्टेशनच्या चकरा माराव्या लागतील. पण कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३४-अ आलंय, जखमीला मदत करणाऱ्या माणसाला त्रास देता येत नाही, त्याला नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. मावशींनी नाव स्वतःहून दिलं.

हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तिथे अपघात म्हणून नोंद झाली, एमएलसी म्हणतात तिला, आणि ती फार कामाची असते. खूप लोक डॉक्टरांना सांगतात की घसरून पडलो, उगाच पोलीस नकोत म्हणून, आणि तेच वाक्य केसपेपरवर राहतं आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचे वकील तेच वाचून दाखवतात. तर डॉक्टरांना काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं, गाडीने ठोकलं असेल तर गाडीने ठोकलं म्हणायचं.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यातच मामींचे दागिने बँकेत गेले. आणि नंतर कळलं की मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस. आम्हाला त्या काउंटरवर कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा. पहिल्याच तासात विचारा.

पोलीस स्टेशनला मी गेलो होतो. ठाणे अंमलदार म्हणाले, जखमीला घेऊन या. मी म्हटलं साहेब, त्यांच्या पायात रॉड टाकलाय, त्यांना कसं आणू. मग दुसऱ्या दिवशी हवालदारसाहेब हॉस्पिटलमध्ये येऊन जबाब घेऊन गेले आणि गुन्हा नोंदला गेला, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे हयगयीने गाडी चालवणं, आणि १२५-ब, म्हणजे त्यातून गंभीर दुखापत. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापतच. हाड नाही मोडलं पण पंधरा दिवस माणूस रोजचं काम करू शकला नाही तरी गंभीरच, पूर्वी हे वीस दिवस होते.

स्पॉट पंचनाम्याची कॉपी मागून घ्या आणि घरी आणून शांतपणे वाचा. आमच्या पंचनाम्यात सायकल डाव्या कडेला पडली होती हे लिहिलं होतं, रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर ते लिहिलं होतं, अगदी मामांची एक चप्पल कुठे पडली तेही. त्या चपलेवरून कळतं की मामा आपल्या बाजूने, कडेने चालले होते. कारण समोरचे वकील पहिला प्रश्न तोच काढणार, सायकल उलट्या बाजूने आली होती का, लाइट होता का. आणि कोर्टाला वाटलं की वीस टक्के चूक सायकलवाल्याची, तर रकमेतून वीस टक्के सरळ कापले जातात. आपल्याकडे यू-टर्न लांब आहे म्हणून सायकली सर्रास उलट्या बाजूने येतात, मी पण आणलीये, पण आता हे कळल्यापासून नाही आणत.

[दृश्य: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालयाचं आवार]

आता कोर्ट. हे फौजदारी कोर्ट नाही, हे वेगळं आहे, याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणतात, पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. इथे कुणाला शिक्षा होत नाही, इथे फक्त भरपाई ठरते. दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा, टेंपोचा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांवर. अपघात कुठे झाला तिथे करता येतो किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो, म्हणजे साताऱ्याचा माणूस पुण्यात जखमी झाला तर त्याला तारखांना पुण्याला यायलाच पाहिजे असं नाही.

आणि मुदत. कायद्यात आता सहा महिने लिहिलेत, १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या लोकांना अजून वाटतं की कधीही टाकता येतं. या सहा महिन्यांना सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसून राहू नका. पाय प्लास्टरमध्ये असताना सहा महिने कसे जातात कळत नाही, आम्ही पाचव्या महिन्यात दावा टाकला तो सुद्धा धावपळ करून.

पोलिसांचंही एक काम असतं जे लोकांना माहीत नसतं. अपघाताचा पहिला अहवाल त्यांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत, त्यात गाडीचे कागद, विमा, लायसन्स सगळं आलं पाहिजे. तपास अधिकाऱ्यांना नम्रपणे पण परत परत विचारायचं, साहेब आमचा अहवाल गेला का. गाडीचा विमा चालू आहे का हे नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर आपल्यालाही दिसतं.

[दृश्य: मामा खुर्चीवर, पाय स्टुलावर]

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो टक्क्यांचा. मामांना अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं, त्यावर लिहिलंय वीस टक्के. गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून वीस टक्के. आता ऑफिसात टेबलावर बसून काम करणाऱ्याचे वीस टक्के आणि रोज चाळीस जिने चढणाऱ्याचे वीस टक्के सारखे कसे होतील? आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या केसमध्ये हेच सांगितलंय, की डॉक्टरांचा आकडा तसाच उचलायचा नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. त्यात उदाहरणच आहे, डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल.

वकीलबाईंनी एका कागदावर हिशेब मांडून दाखवला, तो तुम्हालाही दाखवतो. महिन्याची कमाई १५,००० धरली तर वर्षाचे १,८०,०००. मामांचं वय ४७, स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के जोडायचे, झाले २,२५,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई कितीने गुणायची तो आकडा, १३ आहे, सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा केसमध्ये ठरलेला. गुणले की २९,२५,०००. आता याचे वीस टक्के म्हणजे ५,८५,०००, आणि कमाईचं नुकसान तीस टक्के झालं असं कोर्टाला पटलं तर ८,७७,५००. म्हणजे जवळपास तीन लाखांचा फरक, आणि तो फक्त मामा रोज काय काम करायचे हे नीट सांगितलं गेलं की नाही यावर. हॉस्पिटलचं बिल, वेदना, सोबत थांबणाऱ्याचा खर्च, रिक्षाभाडं हे वेगळं, आणि साधारणपणे दावा टाकल्या तारखेपासून व्याजही मिळतं.

पण १५,००० कशावरून? पेपर टाकणाऱ्याला पगाराची स्लिप नसते. मामींनी ट्रंकेतून वह्या काढल्या. लांबट, लाल कव्हरच्या, प्रत्येक पानावर सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, कुठला पेपर, किती बिल, आणि कुणी गावाला गेलं तर पेन्सिलीने बारीक अक्षरात बंद असं लिहिलेलं. बावीस वर्षांच्या वह्या. त्या बघून वकीलबाई काही क्षण बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, ही तुमची सॅलरी स्लिप.

आणि एक गोष्ट पैशात कशी मांडायची मला कळत नाही, पण कायद्यात तिलाही जागा आहे. मामांना आता मांडी घालता येत नाही. गणपतीत पंगतीला सगळे खाली बसले आणि मामा एकटे खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. त्यांनी काही म्हटलं नाही, भाजी चांगली झालीये एवढंच म्हणाले.

[दृश्य: हॉस्पिटलबाहेरचा रस्ता, रात्र]

हॉस्पिटलच्या बाहेर एक जण भेटला होता, म्हणाला सगळं मी बघतो, पैसे आले की तीस टक्के द्या. वकिलांना अशी निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक, यांना तिथून मोफत वकील मिळतो.

विमा कंपनी मध्येच तडजोडीचं बोलते, लोकअदालतीतही मिटतं, आणि मिटवणं वाईट नाही, फक्त हिशेब कळल्यावर मिटवा. कलम १६४ मध्ये कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो, हे सही करायच्या आधी माहीत पाहिजे.

गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तरी रिकाम्या हाताने परत यायचं नाही. हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार आहेत, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि गाडीच नव्हती, सायकल खड्ड्यात गेली, तर हे न्यायाधिकरण कामाचं नाही, पण मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांसाठी भरपाई ठरवून दिलीये, मृत्यूला सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, महापालिका हद्दीत आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे मागायची. या शहराने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला होता, पण मामांना त्या रस्त्यावर कधी मोकळी कड मिळाली नाही.

[दृश्य: पहाट, चौकातला फुटपाथ, पेपरचे गठ्ठे]

मामा आता पेपर टाकत नाहीत. लाइन दुसऱ्या एका मुलाला दिली. तरी पहाटे काठी घेऊन चौकात येतात, स्टुलावर बसून पुरवण्या घालून देतात, त्या मुलाला सांगतात की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा पेपर कडीत खोच, खाली टाकू नको.

पुढची तारीख सोमवारी आहे. फुलवाल्या मावशींची साक्ष त्याच दिवशी. सकाळचा धंदा बुडेल म्हणून मामांना फार अवघड वाटत होतं, तसं ते मावशींना म्हणालेही. मावशी म्हणाल्या, दादा, तुमच्या बायकोला सांगितलंय मी, ती बसणारे माझ्या पाटीवर, हार कसे बांधायचे ते तिला काल दाखवून दिलंय.