पगार आला कुठून?

मंडळी, आपल्या बडोद्यात ‘पगार झाला का?’ हे मराठीत विचारा नाहीतर गुजरातीत, शब्द एकच. इंदूरच्या नातेवाइकांकडे जा, तिथे हिंदीत ‘तनख्वाह’ कानावर येते. पगार किनाऱ्यावरून आत आला, तनख्वाह दरबारी फारसीतून उतरली.

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली, १५५९ मध्ये दमण. त्यांच्या भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे: पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम करून टाकलं. हे काम पंडितांचं नव्हे. गलबतावर, गोदीत, कोठीत राबणाऱ्यांनी रोज कानावर पडणारा शब्द उचलला आणि हातात पडणाऱ्या पैशालाच ते नाव दिलं. पाव, चावी, बटाटा हेही पोर्तुगिजांकडूनच आले. मला ह्या माणसांच्या कानाचं फार कौतुक वाटतं.

आणखी मागे गेलं की लॅटिन ‘पाकारे’ लागतं, म्हणजे शांत करणे. त्याच्या मुळाशी ‘पाक्स’, शांतता. दाराशी आलेल्या घेणेकऱ्याचं देणं देऊन त्याला शांत करायचं, त्यातून पैसे देणे हा अर्थ निघाला. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेलं ‘पे’ ह्याच कुळातलं. मलय भाषेतही ‘पगार’ आहे, पण तिथे तो कुंपण. नुसतं उच्चाराचं साम्य, नातं काही नाही.

पगार रुजण्याआधी आपण काय म्हणत होतो? शब्द भरपूर होते. मुशाहिरा अरबी ‘शहर’वरून, म्हणजे महिना, आपलं गावाचं शहर वेगळं, ते फारसी. दरमहा फारसी ‘माह’वरून. वेतन तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ म्हणून येतं, अन्न आणि रोख असं जोडीने. तनख्वाह म्हणजेच आपला तनखा, त्याची गोष्ट सगळ्यात गमतीची. फारसीत ‘तन’ म्हणजे शरीर, ‘ख्वाह’ म्हणजे इच्छिणारा: देहाला लागेल ते. पण मोगलाईत चाकरीचा मोबदला रोखीऐवजी गावच्या वसुलावर लावून देत, आणि आपल्या जुन्या जमाबंदीत तर तनखा म्हणजे गावाचा ठरीव शेतसाराच झाला. शिपायाच्या पोटाचा शब्द कुळकर्ण्याच्या दप्तरात जाऊन बसला!

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. त्यात एकेका शब्दाला अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडले आहेत. बडोदेकरांनी अभिमानाने सांगावं असं हे काम. तरी बोलण्यात पगार तो पगारच राहिला, आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’ तर घरोघरी भेटतो.

आता पतपेढीच्या पाटीवरचे दोन शब्द घ्या: ‘पगारदार नोकर’. पगार पोर्तुगीज, ‘दार’ फारसी, आणि नोकर मंगोल ‘नोकोर’वरून फारसीमार्गे आलेला. मंगोलांत नोकोर म्हणजे सरदाराचा साथीदार, त्याच्याबरोबर घोड्यावर असणारा. हलकं काम करणारा हा अर्थ मागाहून चिकटला.

जाता जाता एक विनंती. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या अजून असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. गड्याला, स्वयंपाकिणीला, कारकुनाला दिलेल्या पैशापुढे मुशाहिरा लिहिलाय, दरमहा लिहिलाय की पगार, आणि कोणत्या साली, तेवढं मला दाखवा. मोडी वाचायला मी घरी येईन.